सोबत : वरीलप्रमाणे

वकिलांचा फोन सकाळी साडेनऊला आला.

"साहेब, तुमचा मेल मिळाला. पण त्यात काही नाही हो."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे वर तुम्ही लिहिलंय, सोबत सातबारा, आठ-अ आणि दाखला पाठवत आहे. खाली तुमच्या काकांचंही तेच, सोबत जोडलं आहे. जोडलेलं मात्र काही दिसत नाही. व्हॉट्सॲपवर टाका ना, सोपं पडेल."

"बघतो" म्हणून मी फोन ठेवला. खरं सांगायचं तर कानशिलं गरम झाली होती. वीसेक वर्षं मी लोकांचे मेल सर्व्हर सांभाळतोय. कोणाचा मेल का पोचला नाही, कुठे अडकला, हे शोधून काढण्याचे मला पैसे मिळतात. आणि माझाच मेल रिकामा गेला, तोही असा, की त्यात दोन माणसं 'सोबत जोडले आहे' म्हणतायत आणि सोबत कोणीच नाही.

बाबा जाऊन दोन महिने झाले होते. गावाकडे थोडी जमीन आहे, तिच्यावर वारस नोंद लावायची होती. वारसांनी तलाठ्याला तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं, त्यामुळे थोडी घाई होती. काकांनी गावातल्या सेवा केंद्रातल्या पोराकडून कागद स्कॅन करून घेतले आणि चुलतभावाच्या फोनवरून मला मेल केला. तो आला, मी उघडला, वाचला, वर दोन ओळी लिहून वकिलांना फॉरवर्ड केला. यात चुकण्यासारखं काय असतं?

मी मट नावाचा मेल प्रोग्राम वापरतो. काळ्या पडद्यावर अक्षरंच अक्षरं, माउस नाही, चित्र नाही, बटणं नाहीत. सगळं कीबोर्डवर. मायकल एल्किन्स नावाच्या माणसाने तो १९९५ मध्ये लिहायला घेतला आणि त्याचं ब्रीदवाक्यच असं की सगळे मेल प्रोग्राम भिकार असतात, हा त्यातल्या त्यात कमी. त्याआधीचे दोन प्रसिद्ध प्रोग्राम म्हणजे एल्म आणि पाइन, दोन्ही झाडं. त्या झाडांच्या खाली हा तिसरा आला, नावाने गावठी कुत्रा. मला हे नाव फार आवडतं. गावठी कुत्र्यासारखाच तो कशावरही जगतो, कोणत्याही जुन्या मशीनवर पळतो, आणि त्याला नीट शिकवलं नाही तर नेमका पाहुण्यांसमोर तोंडघशी पाडतो.

मेल वाचताना पडद्यावर काय दिसलं होतं ते मला आठवत होतं. काकांच्या तीन ओळी, खाली चौकटी कंसातल्या ओळी: जोडणी क्रमांक दोन, प्रकार पीडीएफ, आकार इतके के; हा भाग दाखवता येत नाही, बघायचा असेल तर व्ही दाबा. म्हणजे अटॅचमेंट होत्या, आणि मी त्या माझ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. मग पाठवलेल्या मेलच्या फोल्डरमध्ये जाऊन बघितलं. तिथे मटने विषयसुद्धा स्वतःच्या पद्धतीने लिहिला होता. बाकीचे प्रोग्राम 'एफडब्ल्यूडी' लावतात. हा चौकटी कंसात मूळ पाठवणाऱ्याचा पत्ता, मग विसर्गचिन्ह, मग विषय असा मथळा बांधतो. आणि ओळीच्या कडेला आकार होता २.१ के. दोन हजार शंभर बाइटांत सातबारा मावत नाही. त्यात फक्त 'सातबारा' हा शब्द मावतो.

बाबा जिल्हा परिषदेत बारनिशी कारकून होते. हा शब्द आता ऐकू येत नाही, आवक-जावक म्हटलं की कळतं. ऑफिसात येणारं प्रत्येक पत्र आधी त्यांच्या टेबलावर यायचं आणि बाहेर जाणारं प्रत्येक पत्र शेवटी त्यांच्या टेबलावरून जायचं. लांबट, कापडी पाठीच्या नोंदवह्या. अनुक्रमांक, दिनांक, कोणाकडून, विषय, सहपत्रे, शाखा, आणि शेवटचा रकाना शेरा. शाळा सुटल्यावर मी कधीकधी तिथे बसायचो. त्यांचं एक काम मी तासन् तास बघू शकायचो: पत्र हातात आलं की ते वाचायच्या आधी ते उलटं करून मागचे कागद मोजायचे. अंगठा थुंकीला लावून नव्हे, टेबलावर ओल्या स्पंजची एक वाटी असायची, त्यात बोट टेकवून. मग पत्राच्या खाली डाव्या कोपऱ्यात बघायचे, तिथे 'सोबत' लिहिलेलं असतं. आकडा जुळला तर टाचणी परत लावायची, आवक क्रमांकाचा शिक्का मारायचा. नाही जुळला तर लाल शाईने तिथल्या तिथे: 'सहपत्र क्र. २ प्राप्त नाही.' आणि मगच शिपायाच्या टपालवहीत सही.

त्यांची चीड एकाच गोष्टीवर होती. काही कार्यालयांतून पत्रं यायची त्यांच्या तळाशी लिहिलेलं असायचं, 'सोबत : वरीलप्रमाणे.' बाबा म्हणायचे, "वरीलप्रमाणे म्हणजे किती? वर चार ओळींत गोलगोल लिहिलंय, त्यातून मी मोजायचं का? आकडा लिहा ना." एकदा त्यांनी असं पत्र घेऊन आलेल्या शिपायाला परत पाठवलं होतं. साहेबांनी बोलावलं तरी ऐकलं नाही. शेवटी त्या कार्यालयाने आकडा घालून पत्र दुसऱ्यांदा पाठवलं आणि ही गोष्ट आमच्या घरी जेवताना किमान दहा वर्षं सांगितली गेली.

तर मटमध्ये एफ दाबलं की होतं काय? तो मूळ मेलमधला वाचता येण्यासारखा मजकूर उचलतो, त्याच्या वर-खाली 'फॉरवर्ड केलेला संदेश' अशा रेघा मारतो आणि तो तुमच्या नव्या पत्रात उतरवून देतो. जे वाचता येत नाही, म्हणजे पीडीएफ, फोटो, ते मागेच राहतं. बाबांच्या भाषेत ही पत्राची नक्कल झाली, पत्र अग्रेषित झालं नाही. नक्कल करणारा कारकून मजकूर हाताने लिहून काढतो. मागे टाचलेल्या नकाशाचं तो काय करणार? माझा तर्क असा की हे ज्यांनी ठरवलं त्यांच्या डोळ्यांसमोर मेल म्हणजे मजकूर हेच होतं. मोडेमच्या जमान्यात कोणाचं तरी ओझं आपल्या पाठीवर घेऊन पुढे पाठवायचं, हे न विचारता करण्याची गोष्ट नव्हती. नंतरच्या आवृत्त्यांत अशा जोडण्या बरोबर घेऊ का हे विचारण्याची सोय आली. पण माझी मटआरसी, म्हणजे मटच्या सेटिंगची फाइल, फार जुनी आहे, एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर लोणच्याच्या बरणीसारखी नेलेली, आणि तिच्यात कधीकाळी मीच वैतागून ते विचारणं बंद केलेलं निघालं. कधी आणि का, ते त्या ओळीशेजारी लिहिलेलं नाही. बाबांनी शेरा लिहिला असता.

खरं म्हणजे मला ही सवय लागायला नकोच होती, कारण माझी सुरुवात पाइनवर झाली आणि पाइन या बाबतीत सज्जन होता. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमकडून. विद्यार्थ्यांना परवडायचं ते शेल अकाउंट. मोडेम लावायचा, घरचा फोन तासभर बंद, आणि समोर नुसती अक्षरं: मेलसाठी पाइन, वेब बघायला लिंक्स. पुण्यात आम्ही तिघा मित्रांत एक अकाउंट वापरायचो. त्यातली गंमत आता सांगूनही कोणाला पटत नाही. आलेली अटॅचमेंट आपल्या घरी यायचीच नाही. ती मुंबईत-पुण्यात कुठल्याशा त्यांच्या मशीनवर पडलेली असायची आणि आपण लांबून दुर्बिणीने बघावं तसं तिचं नाव बघायचं. घरी आणायची तर झेडमोडेम नावाच्या पद्धतीने फोनच्या तारेवरून ओढायची, आणि मध्येच आईने दुसऱ्या खोलीतला फोन उचलला की सगळं मुसळ केरात. पण फॉरवर्ड करायची तर काहीच त्रास नाही. पाइनमध्ये एफ दाबलं की जोडण्या आपोआप नव्या पत्राला चिकटून यायच्या. फाइल त्यांच्याच मशीनवर पडलेली, तिथूनच पुढे निघायची, आपल्या तारेवर तिचा भारही नाही. कधी न उघडलेली, घरी न आलेली कितीतरी पाकिटं मी अशी पुढे पाठवली असतील. त्या वयात कागद मोजायची गरजच पडली नाही.

वकिलांना मी "तांत्रिक अडचण होती, पुन्हा पाठवतो" असं लिहिलं आणि मटआरसीत माइम-फॉरवर्ड नावाचं कलम चालू केलं. त्याने अख्खा मेल, जसाच्या तसा, एक जोडणी म्हणून जातो. पाकिटात पाकीट. या आतल्या पाकिटाच्या प्रकाराला 'मेसेज/आरएफसी८२२' म्हणतात, १९८२च्या ऑगस्टमध्ये मेलचा नमुना ठरवणारा जो दस्तऐवज निघाला त्याचा तो क्रमांक. मला हे फार देखणं वाटतं. मूळ पत्राचे शिक्के, तारखा, कोणत्या कोणत्या टपाल कचेरीतून ते फिरलं ते सगळं आत शाबूत. पुरावा म्हणून पाठवायचं तर असंच पाठवावं.

संध्याकाळी वकिलांचा फोन. "साहेब, आता एक फाइल आली आहे. नोनेम. उघडत नाही."

ते फोनवर मेल बघत होते आणि त्यांच्या फोनमधल्या ॲपला पाकिटातलं पाकीट फोडता येत नव्हतं. चूक कोणाची म्हणावी? माझ्या बाजूने सगळं नियमाप्रमाणे होतं. पण नियमाप्रमाणे असलेलं पत्र ज्याला वाचता येत नाही त्याच्यासमोर नियम वाचून दाखवण्यात अर्थ नसतो, एवढं मीही एव्हाना शिकलोय. "व्हॉट्सॲपवर टाका ना," ते पुन्हा म्हणाले. आता मात्र माझा हट्ट सुरू झाला होता.

मटमध्ये तिसरी वाट आहे, बी. मेल फुटत नाही, उतरवला जात नाही, गुंडाळला जात नाही. फक्त पत्ता बदलून पुढे जातो. घर बदललेल्या माणसाच्या पत्रावर पोस्टमन जुना पत्ता काट मारून नवा लिहितो ना, तसं. जोडण्या जागच्या जागी. पण पत्र पाठवणारा म्हणून नाव काकांचंच राहतं, माझा एक शब्द त्यात नसतो, आणि वकिलांनी उत्तर दिलं की ते थेट काकांकडे. काका मेल उघडत नाहीत. चुलतभाऊ उघडतो, तोही पोळ्याला किंवा दिवाळीला, म्हणजे फुरसत मिळाली तर. म्हणून ती वाट सोडली.

रात्री जेवण झाल्यावर मी काकांचा मेल कच्च्या स्वरूपात उघडून बसलो. याची काही गरज नव्हती. पण धंद्याची खोड. कोणत्याही जोडणीवाल्या मेलचं पोट फाडून बघितलं तर आत एकच लांबलचक मजकूर असतो. ११ मार्च १९९२ला अमेरिकेत बेलकोर या दूरसंचार संशोधन कंपनीत काम करणाऱ्या नथॅनिअल बोरेनस्टाइनने पहिल्यांदा आजच्या पद्धतीची अटॅचमेंट पाठवली. त्यात स्वतःच्या गाणाऱ्या चौकडीचा फोटो आणि त्यांचं गाणं होतं. त्याने आणि नेड फ्रीडने मिळून लिहिलेला माइमचा, म्हणजे मेलमध्ये जोडण्या कशा घालायच्या त्याचा, नमुना त्याच वर्षी जूनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली मूळ युक्ती अगदी साधी आहे. मेल वाहून नेणारी यंत्रणा फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं एवढंच खात्रीने पोचवायची. मग फोटो असो वा गाणं, त्याचं आधी अक्षरांत रूपांतर करा, आणि प्रत्येक भागाच्या मध्ये एक ठरलेली रेघ घाला, पत्रात कुठेही येणार नाही अशी. शेवटच्या रेघेच्या मागेही दोन छोट्या आडव्या रेघा. ती रेघ म्हणजे टाचणी. टाचणी काढली की कागद सुटे.

रूपांतराची पद्धत बेस-६४. तीन बाइट घ्यायचे, त्यांची चार अक्षरं करायची. त्यामुळे एक एमबीची फाइल टपालात जाताना जवळजवळ १.३७ एमबीची होते; २५ एमबीची मर्यादा आहे म्हणून लोक २४ एमबीची फाइल जोडतात आणि ती परत येते, ती यामुळे. पण मला त्या रात्री वेगळंच काही दिसत होतं.

काकांच्या मेलमधल्या फाइलचं नाव देवनागरीत होतं. सेवा केंद्रातल्या पोराने ते व्यवस्थित मराठीत दिलं होतं, 'सातबारा'. ७/१२ असं देताच येत नाही, कारण ती तिरपी रेघ फाइलच्या नावात चालत नाही. जुन्या महसुली आकड्याला इथे दार बंद. आणि मटमध्ये ते नाव 'सातबारा' असं दिसत नव्हतं. बरोबरचं चिन्ह, प्रश्नचिन्ह, मग यूटीएफ-८ (कोणत्याही लिपीतली अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत), मग बी, म्हणजे बेस-६४, मग इंग्रजी अक्षरांची रांग. नियमाने फाइलचं नाव वेगळ्या पद्धतीने लिहायचं असतं, बरेच प्रोग्राम ते विषयाच्या ओळीसारखं लिहून मोकळे होतात, आणि मट नियमाला चिकटून 'मला हे कळत नाही' म्हणतो. त्यासाठी एक कलम आहे, ते चालू केलं की तो समजून घेतो. मी ते लगेच चालू केलं नाही. कारण त्या रांगेकडे बघता बघता लक्षात आलं की तिला एक ठेका आहे. चार-के-एस. चार-के-एस. चार-के-एस.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी तीन बाइटांची असते. आणि बेस-६४ला तीनच बाइट एका घासाला लागतात. म्हणजे आपलं एक चिन्ह बरोबर चार अक्षरांत मावतं, एकही शिल्लक नाही, जसं काही ते एकमेकांसाठीच केलंय. त्यातले पहिले दोन बाइट सगळ्यांचे जवळपास सारखे, म्हणून चारातली पहिली तीन अक्षरं तीच ती: चार-के-एस, आणि पुढच्या अर्ध्या चिन्हांसाठी, म्हणजे दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त यांच्यासाठी, चार-के-डब्ल्यू. खरं अक्षर सांगतं ते फक्त चौथं. स म्हणजे चार-के-एस-चार. म म्हणजे चार-के-एस आणि लहान यू. काना म्हणजे चार-के-एस आणि अधिकचं चिन्ह. मी दुसरी खिडकी उघडून एकेक शब्द घालून बघत बसलो. 'आई' घातलं तर चौथी अक्षरं आली मोठा जी, मोठा आय. 'बाबा' घातलं तर लहान एस, अधिक, लहान एस, अधिक.

मध्ये मोकळी जागा आली की हा ठेका चुकतो, कारण मोकळी जागा एकाच बाइटाची; तिथून पुढे सगळं एक घर सरकतं आणि अक्षरं ओळखू येईनाशी होतात. पण एका शब्दापुरतं, नुसत्या डोळ्याने, कच्च्या मेलमध्ये देवनागरी ओळखता येते. इतकी वर्षं मी हे रोज बघत होतो आणि दिसलं नव्हतं. बायको पाणी प्यायला उठली तेव्हा दीड वाजला होता. "वकिलांना पाठवलंस का?" तिने विचारलं. नव्हतं पाठवलं.

शेवटी जी वाट घ्यायला हवी होती ती पहिल्यापासून पडद्यावर लिहिलेली होती: व्ही दाबा. व्ही दाबलं की मेलचं झाड दिसतं. खोड, फांद्या, प्रत्येक फांदीला एक भाग. काकांचा मजकूर, त्याचीच रंगीत आवृत्ती, मग फाइली. हव्या त्या ओळीवर जाऊन टी दाबायचं, शेजारी तारा उमटतो. मग अर्धविराम आणि एफ: खूण केलेले सगळे पुढे पाठव. त्यातलं काही उलगडता येत नसेल तर तो विचारतो, बाकीचे तसेच जोडू का? जोड. वर चार ओळी लिहिल्या. पाठवण्याआधीच्या पानावर जोडण्यांची यादी नीट, आकारासकट. पाठवला. पाठवलेल्या फोल्डरात आकार बघितला: १.४ एम. झोपलो.

सकाळी वकिलांचा मेसेज, व्हॉट्सॲपवरच. "मिळाले. सातबारा व ८अ. दाखला?"

दाखला. बाबांच्या मृत्यूचा दाखला.

परत झाड उघडलं. तिसरी फाइल पीडीएफ नव्हती, फोटो होता. पोराने तो फोनवर काढून जोडला असणार. नाव 'आयएमजी' आणि पुढे आकडे, झाडाच्या अगदी तळाशी. लोकांच्या मेलखाली सहीबरोबर कंपनीचं चित्र येतं ना, तसलं काहीतरी असेल असं समजून मी त्यावर टी दाबलंच नव्हतं. पाठवण्याआधीच्या पानावरही दोन फाइली दिसत होत्या आणि मी बघून पुढे गेलो होतो. इथे मटला बोल लावता येत नाही. त्याने समोर यादी ठेवली होती. मी ती वाचली, मोजली नाही. काकांच्या मेलमध्ये लिहिलं होतं, 'सोबत कागदपत्रे जोडली आहेत.' वरीलप्रमाणे.

चौथा मेल पाठवला, आता तिन्ही फाइली. मजकुरात आकडा घातला: 'सहपत्रे : ३', आणि खाली एकेका फाइलचं नाव. वकिलांचं उत्तर आलं, एका अंगठ्याचं चित्र.

मग मी आणखी एक उद्योग केला. मटला एक विसराळू माणसांची सोय आहे. पत्रात अमुक शब्द असेल आणि जोडणी एकही नसेल, तर पाठवण्याआधी तो अडवतो: जोडणी नाही, पाठवणं थांबवू का? मुळात त्यात इंग्रजी शब्द असतात. मी 'सहपत्र', 'जोडल' आणि 'सोबत' घातले. पहिले दोन ठीक आहेत. 'सोबत'ने मात्र माझी झोप उडवली. मराठी माणूस दिवसभरात किती वेळा सोबत म्हणतो हे मला तोवर माहीत नव्हतं. 'आईसोबत डॉक्टरांकडे जाऊन आलो' - जोडणी नाही, थांबवू का? 'शनिवारी तुझ्यासोबत येता येणार नाही' - थांबवू का? एका मित्राला मिसळीबद्दल लिहिलं, सोबत ताक हवंच, तर तिथेही. ताक जोडता येत असतं तर जोडलं असतं. आठ दिवसांनी 'सोबत' काढून टाकायचं ठरवलं, पण हात होईना, अजून आहे. शिवाय तो शून्य आहे की नाही एवढंच बघतो. दोन आहेत की तीन, हे विचारण्याची सोय अजून कोणी केलेली मला दिसली नाही.

ताईला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "तू व्हॉट्सॲपवर का नाही टाकलंस?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "बाबांनी तुला पहिल्याच दिवशी परत पाठवलं असतं."

वारस नोंद लागली. नव्या सातबाऱ्यावर आईचं, ताईचं आणि माझं नाव आहे. तलाठ्याने दिलेल्या नोटिशीची प्रत ताईला पाठवली तेव्हा झाड उघडून मोजली: एक.

पाठवलेल्या मेलच्या फोल्डरात तो पहिला, २.१ के आकाराचा मेल अजून आहे. डिलीट करायला डीवर बोट गेलं होतं. सरकारी भाषेत या फोल्डरला स्थळप्रतींची नस्ती म्हणता येईल, आणि बाबांच्या वहीत खाडाखोड नसायची. चुकलेल्या नोंदीवरून पट्टीने एक रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, बाजूला छोटी सही, आणि शेवटच्या रकान्यात कारण. मटमध्ये मोठा वाय दाबला की मेलला एक चिठ्ठी लावता येते, यादीत ती शेजारी दिसेल अशी सोयही करता येते. मी पहिल्याला लावली: 'सहपत्रे नाहीत.' दुसऱ्याला: 'उघडले नाही.' तिसऱ्याला: 'सहपत्र क्र. ३ राहिले.' चौथ्याला काय लिहावं ते सुचेना, म्हणून नुसता आकडा टाकला, ३.